पुन्हा सुरू करणे ही दुरुस्ती नव्हे

संगणक अडला की तो बंद करून पुन्हा सुरू करावा, हा सल्ला आता घरोघरी लहान मुलेही देतात. यंत्र चालू होते, काम पुढे सरकते आणि दोष मिटला असे आपण समजतो. या समजुतीस आमचा विरोध आहे. पुन्हा सुरू केल्याने दोष जात नाही, त्याची मुदत तेवढी वाढते. कालगणनेतील दोषांबाबत तर हे अक्षरशः खरे आहे, आणि अशा मुदतवाढीची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकवली आहे.

संगणकप्रणालीच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, एक गणक असतो. यंत्र सुरू झाल्यापासून ठराविक अंतराने तो एकेक आकडा पुढे सरकतो. कोणते काम केव्हा करायचे, उत्तराची वाट किती वेळ पाहायची, हे त्यावरून ठरते. पण गणकाची जागा मोजकी. बत्तीस बिटांच्या गणकात सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात; पुढे तो शून्यावर येतो. सेकंदाला १०० ठोके पडत असतील तर ही वेळ ४९७ दिवसांनी येते, १००० पडत असतील तर ४९.७ दिवसांनी.

शून्यावर येणे हा काही अपराध नाही. भिंतीवरच्या घड्याळातही बारानंतर एक वाजतो, म्हणून एक हा बाराच्या आधीचा असे कोणी मानत नाही. चूक असते ती दोन आकड्यांपैकी मोठा कोणता एवढेच पाहणाऱ्या आज्ञावलीत. गणक शून्यावर येताच तिचा हिशेब उलटतो आणि क्षणात संपायची प्रतीक्षा कित्येक आठवडे लांबू शकते. उपाय सोपा आहे: आकडे नुसते ताडून न पाहता त्यांची वजाबाकी करावी आणि फरक अधिक की उणे, ते पाहावे. अवघड आहे ते लाखो ओळींत दडलेल्या अशा चुका हुडकणे. पन्नास दिवसांनी किंवा सोळा महिन्यांनी डोके वर काढणारी चूक पकडण्यासाठी तितके दिवस यंत्रापुढे बसून कोण राहणार?

लिनक्सच्या कर्त्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांला आदर्श वाटते. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत हा गणक यंत्र सुरू होताना शून्यापासून निघत नाही. तो भरायला पाच मिनिटे उरली आहेत, अशा आकड्यावर मुद्दाम ठेवला जातो. म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत गणक शून्यावर येतो, आणि हे प्रत्येक वेळी घडते. ज्याने चुकीची तुलना लिहिली असेल त्याची चूक त्याच्याच मेजावर उघडी पडते. घड्याळात दिसणाऱ्या वेळेला याने जराही धक्का लागत नाही.

याच्या उलट रीत पाहा. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाल्या सतत ४९.७ दिवस चालल्या तर ठप्प होऊ शकत. १९९५ च्या प्रणालीतला हा दोष चव्हाट्यावर आला १९९९ मध्ये. एरवीच इतक्या वेळा बंद-चालू होणाऱ्या यंत्रांत तो दिसणार तरी कसा? बोइंग ७८७ विमानांच्या विद्युतजनित्रांच्या नियंत्रकांत २४८ दिवसांनी भरणारा गणक आढळला. चारही नियंत्रक एकदम बंद पडून विमानाचा प्रत्यावर्ती वीजपुरवठा जाऊ शकतो, हे ओळखून २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने ठराविक मुदतीत वीज पूर्ण बंद करण्याचा आदेश काढला. तात्पुरता उपाय म्हणून तो योग्यच होता. पण त्यामुळे उत्पादकाच्या आज्ञावलीतली चूक सांभाळण्याचा भार हँगरमधल्या कामगाराच्या माथी आला.

आणि दाहरान. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील या ठिकाणी इराकचे स्कड क्षेपणास्त्र बराकीवर पडून २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी असलेली पॅट्रियट यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. ती सेकंदाच्या दशांशांत वेळ मोजी. दशांश हा अपूर्णांक द्विमान अंकांत पुरता लिहिता येत नाही. त्याचे शेपूट छाटावे लागे आणि जितका वेळ यंत्रणा चालू, तितकी चूक वाढे. शंभर तासांत ती सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. फार काळ चालल्यास नेम सरकू शकतो, अशी सूचना आधी गेली होती. मात्र फार काळ म्हणजे किती, हे तीत नव्हते. पुन्हा सुरू करायला एक-दीड मिनिट पुरले असते. सुधारित आज्ञावली दाहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारीला.

यावर म्हणतील की आता गणक चौसष्ट बिटांचे झाले. सेकंदाला हजार ठोके धरले तरी ते भरायला ५८ कोटी वर्षे लागतील. ठीक आहे. पण दाहरानचा दोष गणक भरल्याचा नव्हता, साचत गेलेल्या चुकीचा होता. आणि जुने छोटे गणक असलेली उपकरणे अजून सेवेत आहेत. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी कितीतरी यंत्रे पुन्हा याच उंबरठ्यावर येतील.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. चांद्र आणि सौर वर्षांत सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो, हे पंचांगकारांनी लपवले नाही. सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास घालण्याचा नियम त्यांनी गणितातच बसवला. सण ऋतूंपासून सरकू लागले तर यजमानाने पंचांग मिटून पुन्हा उघडावे, असे त्यांनी सांगितले नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. रुग्णालय असो, सहकारी बँक असो की एखाद्या संस्थेचे कार्यालय, यंत्र विकत घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. हे न थांबता किती दिवस चालेल? आणि त्याचा गणक भरून शून्यावर आणून तुम्ही कधी पाहिले आहे काय? पहिल्या प्रश्नाला जो ‘अधूनमधून बंद करत जा’ असे उत्तर देईल, तो अपुरे काम पुरत्या किमतीला विकतो आहे, असे खुशाल समजावे.