जिनिव्हाचा खटला आणि उसाचा भाव

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात जागतिक व्यापार संघटनेची कचेरी आहे. तुमच्या-आमच्या उसाचा एक खटला तेथे जानेवारी २०२२ पासून अडकून पडला आहे. वादी तीन : ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. प्रतिवादी भारत सरकार. ज्याच्या उसावरून खटला चालला त्या शेतकऱ्याचे नाव ना वादीत, ना प्रतिवादीत. खटला काय आहे, तो का अडकला आणि अडकला म्हणून आपण आनंद मानावा का, यावर जिल्हा मेळाव्यात चर्चा व्हावी म्हणून हे टिपण.

तक्रार २०१९ सालची. भारत उसाला ठरवून दिलेला भाव देतो, साखरेच्या निर्यातीला पैसे देतो, त्यामुळे जगाच्या बाजारात साखर पडते, असे तिघांचे म्हणणे. पंचांनी १४ डिसेंबर २०२१ रोजी निकाल दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असे त्यात म्हटले. मर्यादा आहे उसाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. निर्यातीच्या मदतीबद्दल पंच म्हणाले, ती निषिद्ध आहे, निकाल मंजूर झाल्यापासून १२० दिवसांत मागे घ्या.

सरकारने तेथे काय बचाव केला तो प्रत्येक ऊस उत्पादकाने पाठ करून ठेवावा. सरकार म्हणाले, एफआरपी आम्ही देत नाही, ती साखर कारखाने देतात. सरकारच्या तिजोरीतून त्यात पैसा जात नाही, मग हा सरकारी आधार कसा? पंचांनी हे मानले नाही. भाव सरकारने ठरवला की पैसे कोणाच्याही खिशातून जावोत, तो आधारच, असा त्यांचा अर्थ. पण शब्द सरकारचेच आहेत. दरवर्षी एफआरपी जाहीर झाली की शेतकऱ्यांना मोठी देणगी दिल्याच्या थाटात पुढारी सत्कार करून घेतात. जिनिव्हात मात्र त्याच सरकारचे वकील सांगतात, आम्ही यात काही दिले नाही. आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा कायदा असताना थकबाकीसाठी शेतकऱ्याला कारखान्याच्या दारात बसावे लागते, तेव्हा देणगी कोणी कोणाला दिली हे वेगळे सांगायला नको.

आता पंचांच्या हिशोबाकडे येऊ. शेती करारानुसार सरकारने ठरवलेला भाव आजच्या जागतिक भावाशी ताडून पाहत नाहीत. तो ताडायचा १९८६ ते १९८८ या तीन वर्षांतल्या जागतिक भावाशी. त्या काळी डॉलर १३ रुपयांच्या आसपास होता, आज तो ८५ च्या पुढे आहे. एक साधा हिशोब करा. त्या वेळी एखाद्या मालाचा बाहेरचा भाव १०० रुपये होता असे धरा. डॉलरमधला भाव एक सेंटही वाढला नाही, तरी आज रुपयांत तो साडेसहाशेच्या घरात जातो. आज सरकारने त्या मालाला ६०० रुपये ठरवले तर शेतकऱ्याला जगापेक्षा पन्नास रुपये कमीच मिळाले. पण कराराची वही म्हणते, ६०० वजा १००, म्हणजे ५०० रुपये आधार दिला! महागाईचा योग्य विचार व्हावा असे एक कलम करारात आहे. कलम कागदावर आहे, वजाबाकी जुनीच चालू आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. १९९४ मध्ये माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून तो लागू झाला. त्या वेळी ज्या देशांनी आपल्या शेतकऱ्यांवर आधीपासून पैसा ओतला होता, त्यांना तो काही प्रमाणात कमी करून पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेच्या वाट्याला वर्षाला १९.१ अब्ज डॉलरचा हक्क आला, युरोपच्या वाट्याला ७२ अब्ज युरोहून जास्त. ज्या देशांनी आपल्या शेतकऱ्याला लुटले होते, त्यांना मात्र फक्त १० टक्क्यांची मुभा. भारताने करारासाठी मांडलेल्या हिशोबात शेतमालाला दिलेला आधार चक्क उणे होता. लेव्ही, झोनबंदी, निर्यातबंदी आणि कापसाची एकाधिकार खरेदी यांतून हा उणे आकडा तयार झाला होता. आपल्या चळवळीने जे रस्त्यावर बसून सांगितले, ते सरकारने जिनिव्हाला आपल्याच सहीने कळवले.

ही लूट १९९५ नंतरही थांबली नाही. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संस्था आणि दिल्लीची इक्रियर यांनी मिळून २०१८ मध्ये भारतीय शेतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होता, असा त्याचा निष्कर्ष. शंभर रुपयांची मिळकत, त्यात चौदा रुपयांची चाट. जिनिव्हाच्या वहीत मात्र या चाटीला मोल नाही. तिथे उणे आकडा लिहिता येतो, पण तो भरून मागण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही.

निर्यातबंदीचे पाहा. देशांमधल्या व्यापारी कायद्यात निर्यातीवर बंदी घालायला मनाई आहे. पण अन्नाचा तीव्र तुटवडा टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते, अशी पळवाट ठेवली आहे. तात्पुरती म्हणजे किती दिवस, तुटवडा म्हणजे किती, हे ठरवायचे बंदी घालणाऱ्या सरकारनेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंदच केली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क मानगुटीवर ठेवून. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ ला. साखरेचेही तेच. २०२३ च्या अखेरीस जगाच्या बाजारात साखरेचा भाव बारा वर्षांत नव्हता इतका चढला. त्या २०२३-२४ च्या हंगामात, अमेरिका-युरोपचे ठरलेले किरकोळ कोटे सोडले, तर भारताने साखर बाहेर जाऊ दिली नाही. त्याच डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधन आले. भाव होता तेव्हा दरवाजा बंद आणि भाव पडल्यावर दरवाजा उघडा. याविरुद्ध नाशिकचा कांदा उत्पादक किंवा कोल्हापूरचा ऊस उत्पादक जिनिव्हात जाऊ शकतो का? नाही. कांदा न मिळाल्याची तक्रार करायची तर ती आयात करणाऱ्या देशाने. ज्याचा कांदा चाळीत सडला त्याची तक्रार घेणारे टेबलच तिथे नाही.

कोणी म्हणेल, आंतरराष्ट्रीय कायदा हा देशादेशांमधला, त्यात एकट्यादुकट्याला कशी दाद मिळणार? तर केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचे पाहा. भारत सरकारने तिच्यावर पूर्वलक्षी कर लावला. कंपनी भारत-ब्रिटन गुंतवणूक कराराच्या आधारे सरकारविरुद्ध लवादात गेली. डिसेंबर २०२० मध्ये लवादाने तिला सुमारे १.२ अब्ज डॉलर देण्याचा निकाल दिला. कंपनी परदेशातल्या सरकारी मालमत्तेवर जप्ती आणायला निघाली, तेव्हा २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि घेतलेला कर परत केला. एका परक्या कंपनीला आपल्या सरकारविरुद्ध उभे राहण्याचा हक्क करार करून देता येतो. म्हणजे अडचण कायद्याची नाही. देण्याची इच्छा कोणासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे.

मग उसाचा खटला अडकला कसा? जागतिक व्यापार संघटनेत पंचांच्या निकालावर अपील ऐकायला सात जणांचे मंडळ असते. एक अपील ऐकायला तिघे लागतात. अमेरिकेने २०१७ पासून नव्या नेमणुका अडवून धरल्या. १० डिसेंबर २०१९ रोजी आणखी दोघांची मुदत संपली, त्यांत भारताचे उजल सिंग भाटिया एक होते. मंडळावर उरला एकच सदस्य आणि वर्षभरात तोही गेला. तेव्हापासून अपिलाची खोली रिकामी आहे. पण अपील करायला मनाई नाही, आणि अपील चालू असेपर्यंत निकाल मंजूर होत नाही. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले ते या रिकाम्या खोलीत.

सरकारी गोटात याला हुशारी म्हणतात. गावकीत पंच नेमू द्यायचे नाहीत आणि पंच नाहीत म्हणून निकाल मानायचा नाही, हा धंदा नेहमी गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनदाराला परवडतो. लहान माणसाला पंच लागतातच. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध खटला भरला. त्या अनुदानाने कापसाचे जागतिक भाव पडत होते, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचेही. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेला एक योजना २००६ मध्ये बंद करावी लागली. बाकीचे टाळले म्हणून ब्राझीलला प्रतिकारवाईची परवानगी मिळाली. तेव्हा अमेरिकेने २०१० मध्ये वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. त्याच २००५ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखरेच्या निर्यात अनुदानाविरुद्धचा खटलाही जिंकला. पुढच्या वर्षी युरोपला साखरेची सगळी व्यवस्था बदलावी लागली. आज असा खटला कोणी जिंकला तरी हरलेला देश त्याच रिकाम्या खोलीत अपील टाकून मोकळा होईल. उसाच्या खटल्यात जी वाट आपल्या सरकारने वापरली, तीच उद्या कापसाच्या खटल्यात आपल्यावर उलटेल.

जिनिव्हाचे जोखड फेकून द्या, असेही काही मित्र म्हणतात. डंकेल प्रस्तावाच्या वेळी हा वाद झालाच होता. कर्नाटकात नंजुंडस्वामींनी कडाडून विरोध केला, महाराष्ट्रात शरद जोशींनी प्रस्तावाचे स्वागत केले. त्या वादात एक प्रश्न होता तो आजही तसाच आहे : १९९५ च्या आधी आपल्या सरकारचे हात कोणी बांधले नव्हते, तेव्हा त्या मोकळ्या हातांनी त्याने शेतकऱ्याला काय दिले? कायदा वाकडा असेल तर तो सरळ करून मागायचा. कायदाच नको म्हटले तर ज्याची तिजोरी मोठी त्याचे अनुदान मोठे, आणि ज्याची पोलीसचौकी मोठी त्याची निर्यातबंदी मोठी.

एक शंका रास्त आहे. उसाचा निकाल लागू झाला तर एफआरपीचे काय? निर्यातीची मदत सरकारने पुढे स्वतःच बंद केली, तिच्यासाठी रडण्यात अर्थ नाही. एफआरपीचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. एफआरपी काढायची आणि निर्यातबंदी, इथेनॉलवरची बंधने, कारखान्यांमधल्या अंतराची अट मात्र ठेवायची, हा सौदा आपल्याला मान्य नाही. आधी बाजार मोकळा करा, मग आधाराची चर्चा करू.

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन ठराव चर्चेला घ्यावेत. पहिला : १९८६-८८ चा भाव टाकून अलीकडच्या वर्षांचा भाव धरावा, आणि प्रत्येक सरकारने आपल्या शेतकऱ्यावर लादलेला उणे आधार दरवर्षी जाहीर करावा, ही मागणी भारताने जिनिव्हात मांडावी. दुसरा : निर्यातबंदी आगाऊ सूचनेशिवाय आणि संपण्याच्या तारखेशिवाय लागू होऊ नये, आणि ती लागल्यास भावातला फरक उत्पादकाला भरून द्यावा. यासाठी जिनिव्हाची वाट पाहण्याचे कारण नाही, तसा कायदा संसद उद्या करू शकते. तिसरा : अपील मंडळ पुन्हा उभे राहावे यासाठी भारताने जोर लावावा. तोपर्यंत युरोप, ब्राझील, चीन आदी सदस्यांनी २०२० मध्ये अपिलासाठी जी हंगामी व्यवस्था केली आणि जिच्यात भारत गेलेला नाही, तिच्याबद्दलची आपली भूमिका सरकारने ऊस आणि कापूस उत्पादकांसमोर उघड मांडावी.

ठरावांची एकेक प्रत आपापल्या खासदारांच्या हातात द्या आणि पोच घ्या. आपल्या नावाने जिनिव्हात काय बोलले जाते, हे त्यांना पुढच्या मेळाव्यात विचारायचे आहे.