आत-बाहेरचा अबोला

नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, जवळ आला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाहीत एसीबद्दल एक निदान घरोघरी ऐकू येतं : "भाऊ, कार्ड गेलं." कार्ड म्हणजे एसीतला सर्किट बोर्ड. एसीचं आतलं यंत्र सुरू असतं, वारा येतो, पण गरम. मागच्या भिंतीवरचं आउटडोर मात्र गप्प. कुठे दिवा लुकलुकतो, कुठे कोड दिसतो. डायकिनला यू४, एलजीला सीएच०५. या कोडांचा अर्थ आतल्या आणि बाहेरच्या यंत्रातलं बोलणं थांबलं, एवढाच आहे. कार्ड गेलं असं तो कोड सांगत नाही. तरी पारा ४५ च्या वर असताना, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असताना, माणूस हजारो रुपये मोजून कार्ड बदलायला तयार होतो. काही जण तर गॅस संपला समजून गॅस भरून घेतात. मला हे पाहवत नाही.

जुन्या एसीतला थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर फक्त चालू-बंद करायचा. इन्व्हर्टर एसीत आतला सेन्सर खोलीचं तापमान मोजतो, आतलं कार्ड बाहेरच्या कार्डाला निरोप धाडतं आणि त्यावरून कॉम्प्रेसरचा वेग ठरतो. निरोप आला नाही की आउटडोर थांबतं. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही यंत्रांमध्ये चार तारा असतात : फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थ. सिग्नल न्यूट्रलच्या आधाराने जातो. म्हणून फेज-न्यूट्रल उलटे जोडले किंवा न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिला, तर दोन्ही कार्डं धडधाकट असूनही अबोला होतो.

आपल्याकडे तार बिघडायला कारणं भरपूर. हा धानाचा मुलूख. पोती ठेवलेल्या खोलीत उंदीर येणारच, आणि तो वायर कुरतडणारच. बसवताना वायर कमी पडली की मधेच पीळ मारून वर टेप गुंडाळतात. उन्हाने टेप सुटते, पहिल्या पावसात जोडावर गंज चढतो. आउटडोरमध्ये मुंग्या आणि पाली शिरतात ते वेगळंच. पावसाआधीच्या वादळात विजा कडाडतात तेव्हा कार्ड खरोखरच जळू शकतं. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर धोका जास्त. त्या खड्ड्यात पाणी घालायला कुणालाही जमतं.

घरच्यांनी करायचं थोडंच. एमसीबी पाडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. व्होल्टेज खाली गेल्यामुळे अडलेलं यंत्र कधी कधी एवढ्यानेच सुरू होतं. बाहेरून दिसणारी वायर नजरेने तपासा. आउटडोरचं झाकण मात्र उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब काही वेळ राहतो. पुढचं काम मिस्त्रीचं. त्याने आधी दोन्ही टोकांचे स्क्रू आवळावेत, चारही तारा सलग आहेत का ते पाहावं, मग सिग्नल आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर लावावा. आकडा वरखाली होत असेल तर निरोप निघतो आहे. तो शून्यावर किंवा एकाच जागी अडकला असेल, तर पुढची तपासणी. कार्डाची पाळी त्यानंतर.

हे दुखणं थंड देशांतही आहे, आणि त्याचं मूळ जुनं आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी खोलीच्या, विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्याआधी वर्ग किती तापला ते पाहायला शिपायाला फिरावं लागे. तेव्हापासून तापमान जाणणारा एकीकडे आणि काम करणारा दुसरीकडे, मध्ये तार. आज न्यू जर्सीतल्या मराठी घरात भर हिवाळ्यात भिंतीवरचा थर्मोस्टॅट तळघरातल्या भट्टीशी बोलेनासा होतो, तेव्हाही चोवीस व्होल्टच्या त्या बारीक तारा आधी तपासाव्यात. नवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावताना त्याला वीज पुरवणारी 'सी' नावाची तार जोडायची राहून गेली, एवढंही कारण निघतं.

तिथे निदान दुरुस्तीचं दुकान जवळ असतं. इथे मिस्त्री ब्रह्मपुरीहून किंवा चंद्रपूरहून येईपर्यंत दोन रात्री तळमळत जातात. म्हणून एसी विकणाऱ्यांकडे माझी मागणी आहे : बसवताना वायर अखंड टाका, ती पाइपातून न्या आणि दोन्ही टोकांच्या जोडणीचा फोटो ग्राहकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणि कार्ड बदलायचं असेल, तर आधी मीटरचा आकडा ग्राहकाला दाखवा.