खोट्या सहनशीलतेचा उपदेश

घरातले भांडण चावडीवर नेऊ नये, ही शिकवण आमच्या धर्मग्रामांत इतकी मुरली आहे की ती जणू अकरावी आज्ञाच होऊन बसली आहे. मुलगा हात उगारतो, औषधाला पैसे मिळत नाहीत, तरी म्हातारी आई मुकाट बसते. धीर करून ती धर्मगुरूंच्या दारी आलीच, तर आम्ही सांगतो : सहन करा, प्रार्थना करा. या पापाचे वाटेकरी आम्हीही आहोत.

घराची अब्रू संरक्षण मागणारी आई घालवते, की तिच्यावर हात टाकणारा मुलगा?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा केवळ पत्नीसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. आईलाही त्याचा आधार आहे. दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊन छळाला मज्जाव करतात. या आदेशाने मुलगा तुरुंगात जात नाही. आदेश मोडला, तरच तो गुन्हा ठरतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. छळ होत असल्याची माहिती शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. मग आपण भिंतीपलीकडचे रडणे ऐकून कड का बदलतो?

वृद्ध पित्याला मात्र हा कायदा लागू नाही, हे त्याचे उणेपण आहे. त्याला आधार २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा. प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे कोणत्याही वयाच्या आईबापांना निर्वाहखर्च मागता येतो. स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. हे काम आपल्या धर्मग्रामातील संघटनांनी का करू नये?

आणखी एक गोष्ट. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होणारे आईबाप पुष्कळ आहेत. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ खाली परत मिळू शकते. परंतु ही अट असल्याशिवाय कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी ती दस्तात लिहून घ्यावी. यात अविश्वास नाही, शहाणपण आहे.

क्षमेचे काय, असे कोणी विचारील. क्षमा अवश्य करावी. पण मारणारा हात मोकळा सोडणे म्हणजे क्षमा नव्हे. तो हात रोखणारा आदेश मुलालाही अधिक मोठ्या पापापासून वाचवतो. आईबापांच्या पोषणाचे द्रव्य 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावे लावणाऱ्यांना प्रभू येशूने ढोंगी ठरवले. धार्मिक शब्दांआड कर्तव्य लपवणारा आमचा उपदेशही त्याच जातीचा आहे. चौथी आज्ञा मुलांसाठी आहे. ती मोडली जात असताना गप्प बसण्याची मुभा मात्र कोणत्याही आज्ञेने आम्हांला दिलेली नाही.