मूक कोण, रोग की समाज?

अंडाशयाच्या कर्करोगाला ‘मूक मारेकरी’ म्हणण्याची प्रथा आहे. हे नाव सोयीचे आहे, खरे नाही. हा रोग पुष्कळदा बोलतो. पण त्याची भाषा इतकी साधी असते की ती ऐकण्याची तसदी कोणी घेत नाही. पोट सतत फुगलेले राहणे, चार घासांतच पोट भरणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावे लागणे, ही त्याची चार प्रमुख लक्षणे. अमेरिकेतील कर्करोगविषयक संस्थांनी २००७ मध्ये संयुक्त निवेदन काढून ती मान्य केली.

अशा तक्रारी कोणत्या बाईला नसतात? बहुतेक वेळा त्यांचे कारण किरकोळच असते. महत्त्व आहे ते त्यांच्या नवेपणाला आणि सातत्याला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने २०११ मध्ये त्यासाठी मोजमाप दिले. असा त्रास महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होत असेल, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला, तर रक्तातील सीए-१२५ तपासावे; ते वाढलेले आढळल्यास सोनोग्राफी करावी. आई, बहीण, मावशी वा आत्या यांना अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असल्यास अधिक सावध राहावे.

मग सर्वच स्त्रियांची सरसकट तपासणी का करू नये? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की अशा तपासणीने मृत्यू घटले नाहीत. गर्भाशयमुखासाठीची पॅप चाचणीही या रोगासाठी उपयोगाची नाही. तेव्हा सांगणारी स्त्री आणि ऐकणारा माणूस हेच आज हाती असलेले पहिले साधन आहे.

आणि नेमके तेच आपल्याकडे दुबळे आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ३३ हजार त्याने दगावतात. शेतमजूर बाईला दवाखान्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. ती ओवा चावते, पित्ताची गोळी घेते. घरचे म्हणतात, वय झाले. डॉक्टर गॅसचे औषध देतात. तिच्या श्रमाची किंमत कमी धरणारी व्यवस्था तिच्या वेदनेची किंमत तर शून्यच धरते. तिच्या सोसण्याचे कौतुक करणारी संस्कृती या हिशेबावर पांघरूण घालते.

म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्ताची ही तपासणी आणि सोनोग्राफी विनामूल्य मिळाली पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. पण मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महिलांच्या बैठकीत ही चार लक्षणे सांगता येतात. त्रासाच्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला पैसे पडत नाहीत. खुणा बारांपलीकडे गेल्या, की त्या बाईबरोबर दवाखान्यात जाणे आणि ‘गॅस आहे’ या उत्तरावर परत न फिरणे, हेही राजकीय कार्यच आहे.