गवयाची डॉक्टरकी

सुशिक्षित घरांतील मुलीनें गाणें शिकावें कीं नाहीं, हा वाद आतां बहुतेक मिटला आहे. तिनें कोठवर शिकावें, हा वाद मात्र अजून चालू आहे. भंगसाळीच्या कांठच्या कुडाळांतील एखाद्या एकत्र कुटुंबांत डोकावून पाहिलें, तरी हेंच दिसेल. मुलगी लहानपणीं पेटीवर बोटें फिरवूं लागते, प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षा देते, कॉलेजांत असतांना विशारद होते, आणि लग्नानंतरहि चिकाटी टिकलीच तर अलंकारापर्यंत पोंचते. तोंपर्यंत सासर आणि माहेर, दोन्हीकडची मंडळी कौतुकच करीत असते. पुढें एके दिवशीं ती 'मला गायनांत पीएच्. डी. करावयाची आहे' असें म्हणाली, कीं माजघरापासून ओटीपर्यंत सारेजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. "गवयाला डॉक्टर कशाला व्हावयास पाहिजे? गाणें गळ्यांत असतें. तें का चारशें पानांच्या बाडांत मावतें?" असा प्रश्न वडील मंडळी विचारतात.

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकूं नये, कारण त्यांत एक खरी गोम आहे. संगीताविषयींची विद्या आणि संगीताची विद्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवून एखाद्या घराण्याचा इतिहास लिहिणारा संशोधक स्वतः एक तानहि न घेतां पंडित ठरूं शकतो. उलट, ज्याच्या षड्जानें सभा निःशब्द होते, त्या गवयाला आपण काय केलें हें चार ओळींत सांगतां येईलच असें नाहीं. प्रत्यक्ष गायन-वादनांतील डॉक्टरेट या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून जाते. तेथें गाऊनहि दाखवावें लागतें, आणि काय गाइलें व तसेंच कां गाइलें, हें शब्दांत मांडावेंहि लागतें. ज्याला यांतील एकाच गोष्टीची आवड आहे, त्यानें या वाटेला न गेलेलें बरें.

आपल्याकडे गाणें आणि परीक्षा यांची गांठ पडली, त्याला सव्वाशें वर्षें होत आलीं. कुरुंदवाडास १८७२ सालीं एका कीर्तनकाराच्या घरीं जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेतली, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. संस्थानिकांच्या आश्रयावर न विसंबतां, ठराविक अभ्यासक्रम लावून सर्वांना संगीत शिकवावें, ही कल्पना तेव्हां नवी होती. १९३१ सालीं बुवा निवर्तले. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं जें मंडळ उभारलें, तेंच पुढें अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून प्रसिद्धीस आलें. दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं वकिली सोडून, देशभर हिंडून चिजा मिळविल्या, स्वरलिपींत उतरविल्या, आणि १९२६ सालीं लखनौस संगीताचें महाविद्यालय उभें करविलें. या दोघांच्या खटपटीमुळें गाणें घराघरांत प्रतिष्ठेनें शिरलें. परीक्षांची शिडी एकदां उभी राहिली, तेव्हां तिच्या सर्वांत वरच्या पायरीची ओढ लागणें स्वाभाविकच होतें.

पश्चिमेकडे ही पायरी फार जुनी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथें संगीताच्या पदव्या कित्येक शतकें दिल्या जात आहेत. तेथील डॉक्टरकी मुख्यतः रचनाकाराची. ऑस्ट्रियांतील विख्यात रचनाकार हायडन याला ऑक्सफर्डनें १७९१ सालीं ती सन्मानानें दिली. आपल्याकडील शौरींद्रमोहन टागोर यांनाहि १८७५ सालीं फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाकडून असाच मान मिळाला. परंतु गाणाऱ्याचें किंवा वाजविणाऱ्याचें प्रत्यक्ष कसब तपासून त्याला डॉक्टर करण्याची पद्धति विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकेंत रूढ झाली. तेथें उमेदवाराला परीक्षकांसमोर अनेक मैफली कराव्या लागतात आणि जोडीला प्रबंधहि लिहावा लागतो. आपल्या विद्यापीठांत पारडें दुसऱ्या बाजूस झुकतें, पीएच्. डी. म्हटली कीं मुख्यतः तोलला जातो तो प्रबंध. म्हणून आपल्याकडील गायिकेनें विषय निवडतांना दुप्पट सावध राहिलें पाहिजे. नाहीं तर पांच वर्षें ग्रंथालयांत जातात आणि इकडे गळा गंजून बसतो.

विषय कसा निवडावा, याचा कित्ता डॉ. प्रभा अत्रे यांनीं घालून ठेवला आहे. १३ सप्टेंबर १९३२ रोजीं पुण्यास जन्मलेल्या प्रभाताईंच्या घरीं गाण्याची परंपरा नव्हती. आई इंदिराबाई यांची प्रकृति बरी नसे. मन रमावें म्हणून त्यांच्यासाठीं गाण्याची शिकवणी ठेवली गेली. आईची शिकवणी थोडक्यांत आटोपली, पण आठ वर्षांच्या मुलीनें तें गाणें उचललें तें कायमचें. पुढें सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्यापाशीं त्यांनीं किराणा घराण्याची तालीम घेतली, आणि विज्ञानाची व कायद्याची अशा दोन पदव्याहि मिळविल्या.

रागविस्तार करतांना स्वरांचीं नांवेंच घेऊन गाण्याची, म्हणजे सरगमची, प्रभाताईंना ओढ होती. किराणा घराण्याचे अध्वर्यु अब्दुल करीमखाँ सरगम गात असत, आणि अमीरखाँसाहेबांच्या सरगमचा प्रभाताईंच्या मनावर मोठा ठसा होता. परंतु कित्येक जाणत्या श्रोत्यांना ही गोष्ट रुचत नसे. स्वरांचीं नांवें विद्यार्थ्यानें घोकावयाचीं. मैफलींत तीं उच्चारणें म्हणजे जेवणाच्या पानांत पाककृतीचा कागद वाढण्यासारखें आहे, असा या आक्षेपाचा मथितार्थ. सरगम सोडून देणें, किंवा टीका कानाआड करून गात राहणें, असे दोन मार्ग मोकळे होते. प्रभाताईंनीं गाणें तर चालू ठेवलेंच, पण सरगम हाच विषय घेऊन त्यावर प्रबंधहि लिहिला आणि डॉक्टरेट मिळविली.

या विषयांत शिरलें कीं प्रश्नांतून प्रश्न निघत जातात. स्वराचें नांव उच्चारल्यानें त्याच्या लगावांत काय फरक पडतो? 'ग', 'प', 'ध' या व्यंजनांचा लयीला कोठें आधार होतो आणि कोठें अडथळा? चिजेच्या शब्दांना अर्थ असतो, आकाराला नसतो. मग या दोहोंमध्यें सरगमचें स्थान कोणतें? हे प्रश्न तानपुरा जुळवून बसणाऱ्यालाच सुचावयाचे, आणि त्यांचीं उत्तरेंहि अखेरीस गाऊनच पारखावयाचीं. अशा प्रबंधाला दिलेला वेळ रियाजांतून वजा होत नाहीं. तो रियाजांतच जमा होतो. प्रभाताईंचें गाणें पदवीमुळें मागें पडलें नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें. एस्. एन्. डी. टी. महिला विद्यापीठांत त्यांनीं संगीत विभागाचें प्रमुखपद सांभाळलें, ग्रंथ लिहिले, २०२२ सालीं पद्मविभूषण हा मान मिळविला, आणि १३ जानेवारी २०२४ रोजीं त्या निवर्तल्या तेव्हां वयाचीं एक्याण्णव वर्षें उलटूनहि त्या गातच होत्या.

लग्न झाल्यावर हें सर्व कसें जमावें, अशी शंका ज्यांना येते त्यांनीं वीणा सहस्रबुद्धे (१९४८–२०१६) यांचें चरित्र आठवावें. कानपुरास गाणें शिकविणारे त्यांचे वडील शंकरराव बोडस हे विष्णु दिगंबरांचेच शिष्य. वीणाताईंनीं कथ्थकाचे धडे घेतले, संस्कृताची एम्. ए. केली, आणि १९८८ सालीं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, गायनांतील डॉक्टरेट गांधर्व महाविद्यालय मंडळाकडून मिळविली. तोंवर संसारहि चालूच होता. ही पदवी विशीतच उरकली पाहिजे असा नियम नाहीं; किंबहुना गळ्याला स्वतःचे प्रश्न पडावयास कांहीं वर्षें जावींच लागतात.

आतां कुडाळाकडे वळूं. विषय म्हटले कीं ते मुंबई-पुण्यासच मिळावयाचे, असा येथील मुलींचा समज असतो. वस्तुतः त्यांच्या अंगणाइतकी समृद्ध जागा शोधूनहि सांपडणार नाहीं. डबलबारीच्या सामन्यांत दोन बुवा आपापल्या मंडळींसह समोरासमोर बसतात, आणि अभंग, गौळण, गजर यांची रात्र रात्र चढाओढ चालते. बुवा इतका वेळ वरच्या पट्टींत, खुल्या आवाजांत कसा गातो? ख्यालाच्या तालमींत घडलेल्या गळ्यानें त्यांतून काय घ्यावें आणि काय टाळावें? रागांत बांधलेली चाल पखवाजाच्या जोरकस ठेक्यावर चढली, म्हणजे रागाचें रूप कोठें विरतें आणि कोठें उजळतें? दशावतारी नाटकांत नटाला लिहिलेले संवाद नसतात; बोलतां बोलतां तो पद सुरू करतो आणि पेटीवाला त्याला सांवरून घेतो. त्या उत्स्फूर्तपणाचें ख्यालांतील उपजेशीं नातें काय? कुडाळाशेजारच्या पिंगुळीस ठाकर मंडळी चित्रें दाखवीत कथा गाऊन सांगतात. त्या कलेसाठीं परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. हें सारें येथील मुलीच्या कानांवर बाळपणापासून पडलेलें असतें.

मात्र चालींची यादी करून ती छापली, म्हणजे प्रस्तुतींतील संशोधन झालें असें नव्हे. तें गाणें आपल्या गळ्यावर चढवून पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं बुवांपुढें शिष्य म्हणून बसलें पाहिजे. ज्यांच्यापाशीं शिकावयाचें त्यांची परवानगी, त्यांचें नांव आणि त्यांचा मोबदला, या तिन्ही गोष्टी चोख असाव्या. सुशिक्षितानें अल्पशिक्षिताची विद्या घेऊन स्वतः तेवढें डॉक्टर व्हावें, हें शोभत नाहीं.

थोडें व्यवहाराचेंहि सांगितलें पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें पीएच्. डी. ला कमींत कमी तीन आणि सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षें मिळतात. स्त्रियांना त्यापुढें आणखी दोन वर्षांची सवलत मिळूं शकते, आणि बाळंतपण व संगोपन यांसाठीं एकंदर २४० दिवसांपर्यंत रजा मिळूं शकते. नोकरी सांभाळून अर्धवेळ नांव नोंदवितां येतें. घरबसल्या पत्रद्वारें मात्र ही पदवी मिळत नाहीं. सामान्यतः एम्. ए. ला ५५ टक्के गुण लागतात. तेव्हां ज्यांच्यापाशीं केवळ अलंकार आहे, त्यांनीं ती परीक्षा एम्. ए. च्या बरोबरीची धरली जाईल कीं नाहीं, हें त्या त्या विद्यापीठाला आधींच लेखी विचारून घ्यावें. मार्गदर्शक आणि गुरु या दोन व्यक्ति असल्या, तर दोघांची भेट प्रारंभींच करून द्यावी; एकानें 'लिही' म्हणावें आणि दुसऱ्यानें 'गा' म्हणावें, अशा ओढाताणींत विद्यार्थिनीचीं वर्षें फुकट जातात.

केवळ प्राध्यापकीसाठीं हा खटाटोप करूं पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठीं कलावंतांचा स्वतंत्र मार्ग ठेवलेला आहे. नामवंत गुरूची तालीम, आकाशवाणीची किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी, पदवीपर्यंतचें शिक्षण आणि शास्त्र समजावून शिकविण्याची पात्रता असली, तर डॉक्टरेटवांचूनहि अर्ज करतां येतो. वरच्या पदांना आणि बढतीला तिचा उपयोग होतो, हें खरें. पण पोट भरण्याचें तें एकच दार नव्हे.

राहतां राहिलें घर. एकत्र कुटुंबांत अशा सुनेला मोठाच आधार असतो. मुलाला सांभाळावयास आजी असते, काकू असते. पण तेथें पाहुणा आणि पैपाव्हणा संपत नाहीं, आणि दार लावून बसलेल्या सुनेला हांक मारावयास दहा तोंडें असतात. पैसे देणारीं घरें पुष्कळ असतात, वेळ देणारीं थोडीं. पहाटेचे दोन तास तिचे म्हणून ठरवावे. त्या वेळांत दार ठोठावूं नये. तोच पलटा पन्नास वेळां ऐकूं आला, तर 'झालें नाहीं का अजून?' असें विचारूं नये. कारण तिची प्रयोगशाळा तीच आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची काचेची नळी आपण मधेंच उचलून घेत नाहीं. गाणारीच्या स्वराला तेवढाच मान द्यावा.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं नकार किंवा होकार देण्यापूर्वीं तिला एकच विचारावें: "तुला प्रश्न कोणता पडला आहे?" नांवामागें 'डॉक्टर' लागावें, एवढेंच उत्तर आलें, तर तीं वर्षें गुरूपाशीं तालमींत घालविण्याचा सल्ला द्यावा, त्यांत तिचें अधिक कल्याण आहे. पण तिनें तानपुरा घेऊन एकच जागा दोन तऱ्हांनीं गाऊन दाखविली, आणि या दोहोंत नेमकें काय बदलतें हेंच मला शोधावयाचें आहे असें सांगितलें, तर पुढें वाद घालूं नये. चौकशीसाठीं जावयाचें गाडीचें तिकीट काढून द्यावें, आणि माडीवरची शांत खोली उद्यांपासून पहाटे तिच्यासाठीं मोकळी ठेवावी.