तिकीट माझ्याच पर्समध्ये

मैत्रिणींनो, एक विचारू? प्रवासाला निघालात की तुमचं तिकीट कुणाजवळ असतं?

माझं पस्तीस वर्षं 'ह्यां'च्या शर्टाच्या वरच्या खिशात होतं. गाडी किती वाजता, डबा कुठला, उतरायचं कुठं, सगळं ह्यांना ठाऊक. माझ्याकडे जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि मुलं. अर्जुनीहून गोंदियाला छोट्या लाईनीच्या गाडीनं जायचो, तेव्हापासूनची ही वाटणी!

आमची लेक जर्मनीत फ्रायबुर्गला असते. यंदा मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. आम्हा दोघांची फेब्रुवारीतली तिकिटं निघाली होती, आणि ऐन वेळी ह्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी लांबचा प्रवास साफ बंद केला. झालं! प्रतापगडच्या आमच्या घरात बैठकच भरली. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस, एकटी, तेही परमुलखात?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, तारीख पुढे ढकला." आता तिकिटाची तारीख ढकलता येईल हो, बाळंतपणाची कशी ढकलणार?

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि गोपाळराव मागे राहिले होते. त्यांना पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. मला तर एक रात्र आणि एक सकाळ काढायची होती! सकाळी उठून सांगून टाकलं, "मी जाते."

मग तयारी. पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, लेकीचं निमंत्रणपत्र आणि प्रवासाचा विमा हे सगळं एका पिशवीत घातलं. (ह्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.) प्रत्येक कागदाची एक प्रत मोठ्या बॅगेत वेगळी. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. मोबाईलची पॉवर बँकही हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही.

खाऊचं मात्र मन मारावं लागलं. घरच्या तुपाचा डबा मी अगदी बांधून ठेवला होता. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, दूध, तूप, खवा, पेढे यातलं काहीच युरोपात आणता येत नाही." कढीपत्तासुद्धा कागदपत्रांशिवाय नाही. मग डिंक, सुंठ आणि खारकेची पूड तेवढी घेतली. तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवलं आणि लाडू तिकडेच वळले. तूप छान रवाळ झालं होतं! लोणचं न्यायचं असेल तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि तपासणीवाल्यांच्या लेखी लोणचंही पातळच!

नागपूरहून संध्याकाळी दिल्ली, तिथून मध्यरात्रीनंतरचं विमान. फ्रँकफर्टला उतरले तेव्हा तिथं सकाळ होती. घड्याळ साडेचार तास मागे केलं. तिकडे १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आहे. सीमेवर फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे ताडून पाहतात. अधिकाऱ्यानं विचारलं, कशाला आलात? मी म्हटलं, "डॉटर, बेबी." तो हसला. माझं अर्धं भय तिथंच गेलं.

विमानतळालाच लागून रेल्वे स्टेशन. मानहाइमला गाडी बदलायची होती, मध्ये दहा मिनिटं. तिकडच्या गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात असं ऐकून होते. त्या दिवशी नेमकी आमची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा! मानहाइमला उतरते तो पुढची गाडी गेलेली. मोबाईल काही केल्या लागेना. हातात जड बॅग, चारी बाजूंनी परकी भाषा. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. खिशाकडे बघावं, तर तो खिसाच बरोबर नव्हता.

आणि तेव्हा आठवली आमची महाशिवरात्रीची जत्रा. प्रतापगडाला केवढी गर्दी लोटते! महादेवाला येणारे, ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्याला येणारे, सगळी माणसं त्याच डोंगराकडे. सासूबाई मुलांना दरवर्षी बजावायच्या, "चुकामूक झाली तर धावत सुटू नका. आहात तिथं उभे राहा, दम घ्या आणि दुकानदाराला विचारा." मी बाकावर बसले. दोन घोट पाणी प्याले. मग चौकशीची खिडकी शोधली आणि लेकीनं जर्मनमध्ये लिहून पाठवलेली चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर गावाचं नाव, घरचा पत्ता आणि जावईबापूंचा नंबर होता. खिडकीतल्या बाईनं पुढच्या गाडीची वेळ आणि फलाटाचा आकडा कागदावर लिहून दिला. तिकीट ठरावीक गाडीचंच होतं, पण आधीच्या गाडीच्या उशिरामुळे जोडगाडी चुकली तर तेच तिकीट पुढच्या गाडीला चालतं, हेही तिनं खुणेनं समजावलं. तिच्याच फोनवरून घरी निरोपही गेला.

दुपारी फ्रायबुर्गला उतरले. जावई फलाटावर उभे होते. घरी पोचल्यावर लेक काही बोललीच नाही, नुसती बिलगली. पंधरा दिवसांनी नात झाली. रात्री-अपरात्री लेकीजवळ मी होते, याहून मला काय हवं?

परत आले तेव्हा हे काठी टेकत नागपूरला घ्यायला आले होते. एस.टी.त बसलो, कंडक्टर आला, आणि सवयीनं ह्यांनी तिकिटांसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "असू द्या, माझ्याजवळ ठेवते." हे हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मैत्रिणींनो, एकटीनं प्रवास करायला फार मोठं धाडस लागत नाही. बरोबरचं माणूस जे करतं ते आपण करायचं, एवढंच. तेव्हा जर्मनीपर्यंत थांबू नका. पुढच्या खेपेला माहेरी जाल ना, तेव्हा खिडकीवर तुम्ही उभ्या राहा, फलाट तुम्ही विचारा. वेळ अशी सांगून थोडीच येते? आणि येईल तेव्हा तिकीट सांभाळायची सवय झालेली असेल.