हलकी पुली आणि क्रँकशाफ्टचा पीळ

मोटारीचे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उघडून त्यात फेरफार करण्याची अमेरिकेतील परंपरा जुनी आहे आणि तिने अनेक उत्तम कारागीर घडवले आहेत. परंतु याच परंपरेत एक असे मत रुजले आहे की ज्याचे खंडन करणे आता आवश्यक झाले आहे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे दट्ट्यांची वर-खाली गती चक्राकार करणाऱ्या मुख्य दंडाच्या पुढच्या टोकावर कारखान्यातून आलेली जड पुली काढून टाकावी आणि तिच्या जागी ॲल्युमिनियमची अखंड, हलकी पुली बसवावी, असे हे मत आहे. मूळ पुलीतील रबराचे कडे केवळ प्रवाशांना थरथर जाणवू नये म्हणून असते. आजची इंजिने आतूनच संतुलित असल्यामुळे त्याची गरज नाही. ते काढले की अडकलेली अश्वशक्ती मोकळी होते. आणि हजारो लोक अशी पुली वापरतात, कोणाचेही काही बिघडलेले नाही, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो, परंतु ज्या भागाबद्दल तो केला जातो त्याचे कार्य समजून घेण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतलेले दिसतात.

यातील ‘इंजिन आतूनच संतुलित आहे’ हे विधान सर्वांत अधिक दिशाभूल करणारे आहे, कारण ते खरे असूनही मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. संतुलन म्हणजे फिरणाऱ्या दंडाचे वस्तुमान त्याच्या अक्षाभोवती असे वाटलेले असणे, की तो फिरताना एका बाजूला ओढला जाऊ नये. या विचारात दंड पूर्णपणे ताठ आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात मात्र कोणताही क्रँकशाफ्ट ताठ नसतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा तेथील क्रँकला पुढे जोराचा धक्का बसतो, दुसऱ्या टोकाचे जड फ्लायव्हील मात्र आपल्या जडत्वामुळे त्या धक्क्याला लगेच साथ देत नाही, आणि त्यामुळे दंडाला अंशाच्या काही दशांशाइतका पीळ पडतो व तो उलटतो. या पीळ पडण्या-सुटण्यालाच पिळाचे कंपन म्हणतात. संतुलनाच्या यंत्रावर निर्दोष ठरलेला दंडही तितकाच पिळतो, कारण त्या यंत्रावर त्याला ज्वलनाचा एकही धक्का बसलेला नसतो.

प्रत्येक दंडाला पिळाच्या कंपनाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही जसा त्याला उंच नेतो, तसेच ज्वलनाचे धक्के त्या वारंवारतेशी जुळले की पीळ वाढत जातो, आणि यालाच अनुस्पंदन म्हणतात. एखाद्या सरळ रांगेतील सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या दंडाची वारंवारता सेकंदाला ३०० आहे असे उदाहरणादाखल मानले, तर ती मिनिटाला १८,००० भरते. अशा चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन ज्वलने होत असल्यामुळे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ही जुळणी थेट होते, आणि धक्क्यांच्या दुपटीच्या घटकामुळे ती ३,००० फेऱ्यांवरही होते, म्हणजे जेथे मोटार रोज धावते तेथेच. मूळ पुलीतील रबराचे कडे आणि त्याबाहेरचे जड वलय यांची रचना नेमकी याच वारंवारतेसाठी केलेली असते. दंड पिळला की वलय मागे राहते, रबर ताणले जाते, आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. या भागाला डॅम्पर म्हणतात, आणि अमेरिकी गॅरेजांमध्ये हार्मोनिक बॅलन्सर या नावानेही तो ओळखला जातो. तो पुढच्या टोकावर बसवलेला असतो याचे कारणही हेच आहे, की फ्लायव्हीलपासून सर्वांत दूर असलेल्या त्या टोकावर पिळाची हालचाल सर्वांत मोठी असते.

प्रतिपक्षाच्या विधानाचा निकाल लावण्यासाठी शेवरलेच्या व्ही-८ इंजिनांचे उदाहरण पुरेसे आहे. १९७० साली आलेले ४०० घनइंची इंजिन बाहेरून संतुलित होते, म्हणजे त्याच्या डॅम्परवरच संतुलनाचे विषम वजन होते, आणि त्याच कुळातील ३५० घनइंची इंजिन अनेक वर्षे आतूनच संतुलित होते. डॅम्पर जर संतुलनासाठीच असता, तर ३५० वर तो बसवण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. परंतु प्रत्येक सेंटचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्याने तो तेथेही बसवला. संतुलन हे त्या भागाचे काही इंजिनांतील जोडकाम होते आणि पीळ शमवणे हे मुख्य काम होते, एवढाच याचा अर्थ आहे.

‘आजची इंजिने’ हा शब्दप्रयोगही तपासून पाहिला पाहिजे. लांब दंडाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच क्रँकशाफ्ट मोडण्याचा प्रश्न उभा केला होता, आणि १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी घर्षणाने पीळ शोषणारा शामक त्यावरील उपाय म्हणून पुढे आणला. त्याच काळात जर्मनीत हर्मन फ्राम यांनी जोडवजनाने कंपन शमवण्याची कल्पना मांडली. पुढे १९२८ साली अमेरिकेत ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी तिला गणिताचा पाया दिला, आणि डेन हार्टोग यांच्या यांत्रिक कंपनांवरील ग्रंथातून १९३४ पासून तो विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ लागला. त्यानंतर टर्बोचार्जरमुळे सिलिंडरमधील दाब वाढले आणि इंधनबचतीसाठी दंड हलके झाले, म्हणजे पीळ पाडणारे बळ वाढले आणि त्याला विरोध करणारी ताठरता मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. तेव्हा आधुनिकतेचा दाखला द्यायचाच असेल, तर तो डॅम्परच्या बाजूने द्यावा लागतो.

या विचारपद्धतीची ओळख महाराष्ट्रातील वाचकांना वेगळ्या रूपात आहे. आपल्याकडील अनेक गॅरेजांमध्ये एके काळी गाडीतील थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला जात असे आणि आपला देश उष्ण आहे हे कारण सांगितले जात असे. थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला केवळ थंड ठेवण्याचे नसून योग्य तापमानावर आणून तेथेच राखण्याचे आहे, आणि तो काढल्यावर थंड राहिलेल्या इंजिनात झीज वाढते व इंधन अधिक जळते, हे कितीही वेळा सांगितले तरी ‘गाडी चालते आहे ना’ या एका उत्तराने वाद संपवला जाई. ज्या भागाचे काम डोळ्यांना दिसत नाही तो भाग निरुपयोगी ठरवण्याची ही वृत्ती पुण्यात होती तशीच ती अमेरिकेतही आहे, आणि ती दोन्हीकडे सारखीच घातक आहे.

अश्वशक्तीच्या दाव्याला थोडे अंकगणित पुरते. पुलीचे वजन अडीच किलोने घटले, ते सरासरी ७ सेंटिमीटर त्रिज्येवर होते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चार सेकंदांत २,५०० वरून ७,००० फेऱ्यांवर गेले असे मानले, तर ६,००० फेऱ्यांच्या क्षणी वाचणारी शक्ती जेमतेम सव्वा अश्वशक्ती भरते. वरच्या गिअरमध्ये ती आणखी घटते आणि महामार्गावर स्थिर वेगाने जाताना शून्य होते. याहून मोठे जे आकडे सांगितले जातात ते बहुधा पुलीचा व्यास कमी करून अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्र यांना हळू फिरवण्यातून येतात; त्याची किंमत ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात वाहतुकीत अडकून पडल्यावर चुकवावी लागते, आणि तो लाभ हवाच असेल तर डॅम्पर शाबूत ठेवूनही मिळवता येतो.

‘कोणाचेही काही बिघडले नाही’ हे विधान धातूच्या शिणवट्याचे अज्ञान दाखवते. सेकंदाला ३०० वेळा पिळला जाणारा दंड अनुस्पंदनाच्या एका तासात दहा लाखांहून अधिक वेळा पिळला जातो. चीर आधी सूक्ष्म असते, आणि दंड मोडतो तेव्हा दोष तेलाला, चालकाला किंवा नशिबाला दिला जातो. शिवाय पहिला बळी दंडच असतो असे नाही. फोर्डच्या मॉड्युलर व्ही-८ मालिकेत तेलपंपाचा गिअर थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो आणि कारखान्याचे गिअर धातूची पूड दाबून व भाजून केलेले असतात. जोमाने चालवल्या जाणाऱ्या गाड्यांत ते तडकत असल्यामुळे त्यांच्या जागी अखंड पोलादाचे गिअर बसवण्याची प्रथाच पडली आहे. जेथे डॅम्पर असूनही अशी काळजी घ्यावी लागते, तेथे तो काढण्याचा सल्ला देणे हे बेजबाबदारपणाचे आहे.

मूळ डॅम्परचे रबरही कालांतराने खराब होते, हा आक्षेप खरा आहे, आणि नवा डॅम्पर बसवणे हे त्याचे उत्तर आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरून घेतलेला भाग बसवला म्हणून कंपनीला हमी नाकारता येत नाही, हेही खरे आहे. परंतु त्याच भागामुळे बिघाड झाल्याचे सिद्ध झाले, तर त्या बिघाडापुरते ते संरक्षण उरत नाही. शर्यतींचा दाखला तर उलट दिशेने जातो: नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांनुसार पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या गाडीवर एसएफआय १८.१ या मानकाचा बॅलन्सर आवश्यक असतो. ती अट प्रामुख्याने तो भाग फुटून तुकडे उडू नयेत यासाठी आहे, परंतु शर्यतीच्या इंजिनावर तो असणारच हे तिने गृहीत धरले आहे.

मंडनाची बाजू यापुढे फार लांबवण्याची गरज नाही. डॅम्पर प्रत्येक इंजिनाला लागतोच असे नाही. १९५५ साली आलेल्या शेवरलेच्या २६५ घनइंची इंजिनावर पुढे केवळ साधा हब असे, कारण त्याचा दंड आखूड व ताठ होता आणि फेऱ्याही मर्यादित होत्या. काही गाड्यांच्या पुलीतील रबर केवळ पट्ट्याला बसणारे हिसके कमी करण्यासाठी असते, हेही नाकारता येत नाही. परंतु कोणत्या इंजिनाला काय लागते, हे त्या इंजिनाच्या पिळाचे मापन करणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे, आणि पुली विकणाऱ्याच्या जाहिरातीत ते मापन क्वचितच आढळते. वजन घटवायचेच असेल, तर ॲल्युमिनियमच्या हबवर बसवलेले रबरी डॅम्पर आणि घट्ट सिलिकोन द्रवात वलय फिरवणारे डॅम्पर अमेरिकेच्या बाजारात उपलब्ध आहेत. ते महाग आहेत, परंतु क्रँकशाफ्टपेक्षा स्वस्त आहेत. म्हणून हलकी पुली विकत घेण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गाडीची मूळ पुली एकदा नीट पाहावी, तिच्या हबमध्ये आणि बाहेरच्या वलयामध्ये रबराचे कडे आढळले तर इंजिनाच्या उत्पादकाकडून ते कशासाठी आहे याची लेखी माहिती मिळवावी, आणि ती हाती येईपर्यंत अखंड पुली बसवू नये.